गिटमधल्या मर्जचा सराव लुटुपुटीच्या रेपोत करून काही येतं का?

फोडणीवाला: दर जुलैत आमच्याकडे नवी मुलं येतात. पहिल्या दिवशी मी त्यांना खऱ्या कोडला हात लावू देत नाही. नवा रेपो (कोडचे बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिट या प्रोग्रामचं फोल्डर), त्यात कांदेपोह्यांच्या कृतीची एक टेक्स्ट फाइल आणि दोघांच्या दोन ब्रँच, म्हणजे बदल करायला वेगळ्या शाखा. एकाने 'दोन मिरच्या'च्या चार करायच्या, दुसरीने त्याच ओळीत एक. मर्ज केलं, म्हणजे दोन्ही ब्रँच एकत्र केल्या, की कॉन्फ्लिक्ट (एकाच ओळीत दोन वेगळे बदल, कुठला ठेवायचा ते माणसानेच ठरवायचं) येणारच. फाइलीत <<<<<<< अशा गिटने टाकलेल्या खुणा बघून मुलं दचकतात. मग आपसांत बोलून ओळ ठरवतात, खुणा पुसतात, कमिट करतात, म्हणजे बदल नोंदवतात. आमचा लीड म्हणतो, वेळ फुकट जातो, कामावर आपोआप शिकतील. तुमचं मत?

रात्रपाळी: लीडचं बरोबर आहे. कॉन्फ्लिक्ट आला तर गिट ओरडून सांगतं. घात होतो ते गप्प बसतं तेव्हा. तुमचेच पोहे घ्या. मूळ कृतीत मीठ राहिलंय. एकाने तिसऱ्या ओळीत भिजवलेल्या पोह्यांना मीठ लावलं, दुसरीने दहाव्या ओळीत फोडणीत घातलं. ओळी लांब लांब, मर्ज बिनबोभाट, पोहे खारट! आमच्याकडे एकीने फंक्शनचं (कोडच्या एका तुकड्याचं) नाव बदललं, तेवढ्यात दुसऱ्या ब्रँचवर कुणी जुन्याच नावाने ते वापरणारा नवा कॉल लिहिला. मर्ज सुरळीत, बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करणं) रात्री अकराला लाल, म्हणजे फसलं. हे खेळण्यात कळत नाही हो.

फोडणीवाला: आत्ता तुम्ही खेळण्यातल्याच पोह्यांवर समजावलंत की! मीठ यंदापासून सरावात.

जुनं_खोड: एसव्हीएन या गिटच्या आधीच्या, तशाच कामाच्या प्रोग्रामला 2008 मध्ये 1.5 आवृत्ती येईपर्यंत कुठवर मर्ज झालंय हे आपणच लक्षात ठेवायचं. आम्ही रिव्हिजन नंबर, म्हणजे बदलांचे क्रमांक, वहीत टिपायचो. त्यामुळे ब्रँच काढायलाच माणसं कचरायची. गिटची ब्रँच म्हणजे एका कमिटचा 40 अक्षरी हॅश (ओळखीचा आकडा) लिहिलेली एवढीशी फाइल. काढा, मोडा, पुसा. मग सरावाला कंजुषी कशाला? फक्त अर्ध्यावरून 'मर्ज अबॉर्ट' करून मागे फिरायला आधी शिकवा. निम्मी भीती तिथेच जाते.

रात्रपाळी: बरं, मीठ मान्य. पण महिनाभर शिळी झालेली ब्रँच मर्ज करताना ही ओळ का बदलली, हे माणसाला विचारावं लागतं. आणि तो माणूस नेमका नोकरी सोडून गेलेला असतो. त्याचा सराव कसा देणार?

फोडणीवाला: म्हणून कारण कमिट मेसेजात लिहायला लावतो. गेल्या वर्षी एकीने लिहिलं होतं, 'आजी येणार आहे, मिरची एकच.'