ब्रेक ‘मऊ’, ‘पोचट’ की ‘बसतोय’?

मुक्ता_लिहिते: चालकांसाठीच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. ट्रॅफिकमध्ये सारखा ब्रेक दाबताना पेडल कसं लागतं, याची तीन वर्णनं आहेत: स्पंजी, पाय धरून ठेवला तरी हळूहळू खाली जाणारं आणि दाबताच न येणारं. पहिल्या दोन्हींना ‘मऊ’ चालावं असं मला वाटतं. गॅरेजवाले दादा साफ नको म्हणतात.

घाटवाट: दादांचं बरोबर. पहिल्यात लाइनमध्ये, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीत, हवा असते, दोन-तीनदा पंप केलं की पेडल वर येतं. दुसऱ्यात बहुतेक वेळा मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबलं की ऑइलवर दाब देणाऱ्या पंपाचं, रबर गेलेलं असतं. बाहेर थेंबही गळत नाही, पण सिग्नलला उभं राहिलं की पाय खाली सरकत जातो. आम्ही त्याला ‘ब्रेक बसतोय’ म्हणतो.

माजघर: ‘बसतोय’ नको. नवे पॅडही डिस्कवर ‘बसतात’, आणि ते चांगलं असतं. ‘खचतोय’ लिहा. स्पंजीला ‘पोचट’. शेंग दाबली की आत दाणा नाही हे बोटांना कळतं, तसंच हे पायाला. भांड्याचा पोचा आणि पोचट मला एकाच घरचे वाटतात.

शब्दनिष्ठ: मुळात ब्रेकला ‘गतिरोधक’ का नाही?

माजघर: कारण तो रस्त्यावर असतो.

घाटवाट: तिसऱ्याला ‘टणक’. पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला इंजिनाकडून व्हॅक्यूम (हवेची ओढ) मिळत नसेल तर तसं होतं. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबा, मग पाय दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक. म्हणजे हे ‘खाली जाणं’ चांगलं, हेही पत्रकात स्पष्ट हवं. आणि ब्रेक ऑइल जुनं असेल तर...

शब्दनिष्ठ: ते ऑइल नाहीच! डॉट ३, डॉट ४ हे त्याचे प्रकार ग्लायकॉल या रसायनाचे असतात. कुणी खरंच तेल ओतलं तर रबरी सील फुगून ब्रेक जाईल. ‘ब्रेक द्रव’ लिहा.

घाटवाट: दुकानात ‘द्रव’ मागून बघा. ‘ब्रेक ऑइल’ म्हटलं की बरोबर बाटली हातात येते. ते हवेतलं पाणी ओढतं, हे सांगणं जास्त गरजेचं. कोरडं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ही हद्द १५५ वर येते. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबून ते तापतं, त्याची वाफ होते आणि पेडल पोचट लागतं.

मुक्ता_लिहिते: मग ‘टणक’ की ‘कडक’?

शब्दनिष्ठ: ते नंतर ठरवा. ‘तेल’ मात्र पत्रकात कुठेही येऊ देऊ नका.