पट्टेदार घायपात उन्हात का करपतो

हिरवा घायपात भर उन्हात मजेत असताना शेजारचा पट्टेदार का करपला, या प्रश्नाचं उत्तर पानातच आहे. पांढऱ्या-पिवळ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतं, त्यामुळे तो भाग अन्न तयार करत नाही आणि तीव्र ऊन सोसतही नाही. म्हणूनच वाढही हळू. त्यातही पिवळ्या कडेचा ‘मार्जिनाटा’ बराच काटक. मधोमध पांढरा पट्टा असलेला ‘मेडिओपिक्टा अल्बा’ मात्र नाजूक. त्याला सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली द्या, किंवा उन्हाळाभर ३० ते ५० टक्क्यांचं शेडनेट. पश्चिमेची भिंत टाळाच, ती रात्रीही धग सोडते.

भाजलेला डाग कोरडा, फिकट तपकिरी असतो आणि पसरत नाही. तो भरूनही येत नाही, म्हणून पान उगाच कापू नका. गाभा मऊ पडून पानं डगमगू लागली, तर बहुधा गाभा पोखरणारा सोंड्या भुंगा हा किडा लागलेला असतो. अशा वेळी झाड मुळासकट उपटून नष्ट करणं हाच शहाणपणा.

लावताना बुंधा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ५ सेंमी उंच ठेवा. माती चिकट असेल तर निम्मी भरड वाळू किंवा बारीक खडी मिसळा. कडक उन्हाळ्यात दोन आठवड्यांनी एकदा खोल पाणी, तेही संध्याकाळी. नत्रखत नकोच.

बुंध्याशी पूर्ण हिरवं पिल्लू (नवं रोप) फुटलेलं दिसलं की लगेच काढा. ते जोमाने वाढून पट्टेदार झाडाला दाबून टाकतं. हातमोजे विसरू नका, चीक अंगाला चांगलाच खाजतो.