परदेशात राहणाऱ्या मिशनऱ्याचा रोजचा दिवस कसा जातो?

जिज्ञासू_वाचक :

मी सध्या एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती मिशनऱ्यांची छापील पत्रे आणि मिशनांचे वार्षिक अहवाल वाचत आहे. त्यांत प्रवचने, बाप्तिस्मे, पंडितांशी झालेले वाद आणि दौरे यांची वर्णने भरपूर आहेत. मात्र ज्या माणसाने आपला देश सोडून परक्या भाषेत आणि परक्या हवेत अर्धे आयुष्य काढले, तो सकाळपासून रात्रीपर्यंत नेमके काय करीत होता, त्याचा घरखर्च कुठून भागत होता आणि घरातली आजारपणे कशी निभावली जात होती, याचा पत्ता लागत नाही. धर्मांतर योग्य की अयोग्य हा वाद कृपया येथे नको, त्याला अन्यत्र पुष्कळ जागा आहे. आजही काही लोक हे जीवन जगत आहेत. त्यांच्यापैकी कोणी किंवा या विषयाच्या अभ्यासकांनी लिहिल्यास आभारी राहीन.

दप्तरखाना :

आपल्याला जे सापडत नाही ते त्या पत्रांत मुळातच घातलेले नाही, आणि त्याचे कारण पत्रे कोणासाठी लिहिली जात होती यात आहे. मिशनरी परदेशात राहत असे, पण त्याला पोसणारा वर्ग मायदेशी असे. पत्र त्या वर्गाने वाचावे, प्रार्थनासभेत मोठ्याने वाचून दाखवावे आणि वर्गणी चालू ठेवावी, अशी अपेक्षा होती. बॉस्टनहून निघणाऱ्या ‘मिशनरी हेरल्ड’मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांच्या पत्रांतील निवडक उतारेच छापले जात. ही रीत त्याहून फार जुनी आहे. येशूसंघाचे (जेझुइट पंथाचे) संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी १५४२ सालीच आपल्या सहकाऱ्यांना बजावले होते, की मुख्य पत्र कोणालाही दाखवता येईल असे नीट विचार करून लिहावे आणि इतर बाबी वेगळ्या कागदावर लिहून जोडाव्यात. आपण जे शोधत आहात ते या वेगळ्या कागदांवर आहे. म्हणून छापील पत्रांपेक्षा हिशेबवह्या, मिशनच्या अंतर्गत बैठकांची टिपणे आणि घराचे नियम यांकडे वळावे.

बंगालमधील श्रीरामपूरचे उदाहरण घ्या. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी १७९३ साली बंगालमध्ये आला, तेव्हा पुढची काही वर्षे त्याने निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहून पोट भरले. १८०० साली तो डॅनिश अमलाखालील श्रीरामपुरात वॉर्ड आणि मार्शमन या मिशनऱ्यांना येऊन मिळाला, आणि या कुटुंबांनी एकत्र संसार मांडला. घराचा कारभार प्रत्येकाने एकेक महिना आळीपाळीने पाहायचा, मिळकत सामाईक खात्यात जमा करायची, खासगी व्यापार कोणीही करायचा नाही आणि शनिवारची संध्याकाळ आपसांतील मतभेद मिटवण्यासाठी राखून ठेवायची, असे त्यांनी ठरवले होते. हा शनिवारचा नियम मला डझनभर प्रवचनांपेक्षा जास्त सांगून जातो, कारण एका छपराखाली राहणाऱ्या परक्या देशातील चार माणसांत खटके उडतात हे गृहीत धरूनच तो केलेला आहे. पुढे कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागला, तेव्हा त्याचा पगारही याच सामाईक खात्यात गेला.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे भाषा. दिवसाचा सर्वांत मोठा वाटा प्रवचनाला नव्हे, तर पंडित किंवा मुन्शी यांच्याबरोबर बसून शिकण्याला, शब्द टिपण्याला आणि मुद्रिते तपासण्याला जात असे. मिशनरी रॉबर्ट मॉरिसन १८०७ साली चीनमधील कँटनला पोहोचला, तेव्हा परकीयाला चिनी भाषा शिकवणे हा तेथे गुन्हा होता, त्यामुळे त्याचे शिक्षक जीव मुठीत धरून येत. १८०९ पासून त्याने ईस्ट इंडिया कंपनीत भाषांतरकाराची नोकरी धरली, तिच्या आधाराने त्याला तेथे राहता आले. परकीय स्त्रियांना कँटनमध्ये राहण्याची परवानगी नसल्याने पत्नी जवळच्या पोर्तुगीज मकावमध्ये आणि तो व्यापाराच्या हंगामात कँटनमध्ये, असा त्याचा संसार विभागलेला होता. त्याच्या हातून पहिला बाप्तिस्मा झाला तो १८१४ मध्ये. ब्रह्मदेशात अमेरिकन मिशनरी अ‍ॅडोनिरम जडसन १८१३ साली गेला आणि त्यालाही पहिल्या बाप्तिस्म्यासाठी १८१९ पर्यंत थांबावे लागले. मधल्या वर्षांत या माणसांनी काय केले याचे उत्तर त्यांच्या कोशांत आणि व्याकरणांत आहे.

पैशाच्या बाबतीत सर्वांची एकच पद्धत नव्हती. मोरेव्हियन मंडळीने (हा एक प्रॉटेस्टंट पंथ) १७३२ साली कॅरिबियनमधील सेंट थॉमस बेटावर पाठवलेल्या पहिल्या दोघांपैकी एक कुंभार आणि दुसरा सुतार होता, कारण आपल्या हातच्या कामावर पोट भरावे अशी अपेक्षा होती. याउलट हडसन टेलर यांनी १८६५ मध्ये स्थापन केलेल्या चायना इनलँड मिशनमध्ये ठरावीक पगाराची हमी नसे आणि पैसे मागायचेही नाहीत, असा दंडक होता.

दूरदेशी :

मी एका प्रॉटेस्टंट संस्थेमार्फत परदेशात काम करते. देशाचे नाव देत नाही, त्यामागची कारणे जाणकारांना सांगायला नकोत. वर लिहिले आहे त्यातील बरेच आजही तसेच आहे, फक्त जहाजाची जागा ईमेलने घेतली आहे.

पहिली एक-दोन वर्षे जवळजवळ केवळ भाषा शिकण्यात जातात. मायदेशी शिकलेला, चार लोकांत बोलणारा माणूस या काळात बाजारात भाजी मागतानाही अडखळतो. हे सहन न झाल्याने परत जाणारेही असतात. त्यानंतरचा आठवडा बाहेरच्याला वाटेल त्याहून रूक्ष असतो. व्हिसाची मुदत, निवास-परवान्याचे कागद, घरमालकाशी करार, बँक, शाळा किंवा दवाखान्यातील नेमून दिलेले काम, स्थानिक मंडळीच्या (चर्चच्या) पाळकांबरोबर बैठका आणि रविवारची उपासना, असा तो असतो. पुष्कळ देश धर्मप्रसारासाठी व्हिसा देत नाहीत. तेथे शिक्षक, परिचारिका किंवा अभियंता म्हणून जाणाऱ्याला ते काम खरोखरच करावे लागते, नावापुरते करून भागत नाही आणि भागूही नये.

उदरनिर्वाह बहुधा मायदेशातील मंडळ्या आणि व्यक्ती यांनी कबूल केलेल्या मासिक देणग्यांवर चालतो. त्यासाठी निघण्यापूर्वी कित्येक महिने मंडळ्यामंडळ्यांतून फिरावे लागते आणि गेल्यावर नियमाने प्रार्थनापत्र पाठवावे लागते. दप्तरखाना यांनी पत्रांविषयी मांडलेला मुद्दा मला मान्य आहे. ज्या महिन्यात सांगण्यासारखे काही घडलेले नसते, त्या महिन्याचे पत्र लिहिणे सर्वांत अवघड असते आणि थकवा किंवा सहकाऱ्याशी झालेला बेबनाव त्यात लिहिला जात नाही. तीन-चार वर्षांनी मायदेशी परतून काही महिने राहण्याची जी मुदत मिळते, तिला लोक रजा समजतात. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग पुन्हा देणगीदारांच्या भेटीगाठींतच जातो. सणासुदीला किंवा आई-वडिलांच्या आजारपणात घरी नसणे, याची सवय मात्र होत नाही.

जिज्ञासू_वाचक :

दोघांचेही आभार. शनिवारच्या नियमाची माहिती मला अगदी नवीन आहे. मुलांचा उल्लेख कोणीच केला नाही, म्हणून विचारतो, की अशा कुटुंबांतील मुलांचे शिक्षण कोठे आणि कसे होत असे?

पाटीपेन्सिल :

फार वेळा आई-वडिलांपासून दूर. एकतर मुले मायदेशी नातेवाइकांकडे पाठवत, नाहीतर मिशनने चालवलेल्या वसतिगृहाच्या शाळेत ठेवत. आफ्रिकेतील मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनने १८५२ साली पत्नी आणि मुलांना केपटाउनहून इंग्लंडला पाठवले आणि त्यांची पुन्हा भेट १८५६ मध्ये झाली. चीनच्या किनाऱ्यावर चेफू येथे चायना इनलँड मिशनने १८८१ साली शाळा काढली. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी तेथील शिक्षक आणि विद्यार्थी यांना १९४३ मध्ये चीनमधीलच वेइश्येनच्या नजरकैद छावणीत नेऊन ठेवले, तेव्हा काही मुलांना आई-वडिलांचे दर्शन वर्षानुवर्षे झाले नाही. ऑलिंपिक धावपटू आणि मिशनरी एरिक लिडेल याच छावणीत मुलांना शिकवत होता आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये तेथेच वारला. या मुलांच्या बाबतीत अहवाल फारच त्रोटक आहेत. त्यांची बाजू कळते ती बहुतेक त्यांनी मोठेपणी लिहिलेल्या आठवणींतून, आणि तिथे कृतज्ञता आणि राग एकाच पानावर भेटतात.

अलीकडे घरी शिकवणे आणि ऑनलाइन वर्ग यांमुळे सात वर्षांच्या मुलाला दूर पाठवण्याची सक्ती उरलेली नाही, ही सुधारणा उशिरा का होईना झाली. लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) पंथाची तरुण मुले-मुली दीड-दोन वर्षांसाठी मिशनच्या कामावर जातात, त्यांना घरच्यांशी दर आठवड्याला फोनवर किंवा व्हिडिओवर बोलण्याची मुभा फेब्रुवारी २०१९ मध्ये मिळाली. तोपर्यंत असे बोलणे वर्षातून मोजक्या प्रसंगीच होत असे.

उंबरठा :

वरच्या चर्चेत एक उणीव राहिली आहे. दप्तरखाना यांनी सामाईक खात्याचे वर्णन केले, पण त्यात पैसे कोण घालीत होते ते अर्धेच सांगितले. श्रीरामपूरच्या उत्पन्नाचा मोठा भाग हॅना मार्शमन आणि तिच्या पतीने चालवलेल्या निवासी शाळांतून येत असे, आणि त्याच वेळी एवढ्या माणसांच्या घराची देखरेखही मुख्यतः तिच्याकडे होती. कॅरीची पत्नी डोरोथी हिचा पाच वर्षांचा मुलगा पीटर १७९४ मध्ये दगावला. त्यानंतर तिचे मानसिक स्वास्थ्य ढासळले ते १८०७ मध्ये तिच्या मृत्यूपर्यंत सावरले नाही. भाषांतराची कामे चालली ती त्याच घरात.

मिशनऱ्याची पत्नी ही मिशनरी म्हणून मोजली जात नसे, तिला वेगळे वेतन नसे आणि अहवालात तिचे नाव बहुधा पतीच्या नावाला जोडून येई. अविवाहित स्त्रिया स्वतंत्रपणे पाठवल्या जाऊ लागल्यावर हे चित्र हळूहळू बदलले. आपल्याकडे मुंबईत १८२७ साली आलेली आणि पुढे अहमदनगरात मुलींच्या शाळा चालवणारी सिंथिया फरार ही त्यांच्यातील अगदी सुरुवातीची. तेव्हा आपल्याला स्वयंपाकघर, आजारपण आणि खर्च यांचा शोध घ्यायचा असेल, तर स्त्रियांनी बहिणींना आणि आयांना लिहिलेली खासगी पत्रे आधी पाहावीत. ती सहसा मिशनच्या मासिकांत छापलेली नसतात, कुटुंबांनी ग्रंथालयांना दिलेल्या कागदपत्रांच्या संग्रहांत मिळतात.