परदेशी हॉस्पिटलचं टायअप झालं की बायकांची तपासणी होणार म्हणे!

तापीकाठ: त्या पोस्टवर लिहायचं नव्हतं, पण राहवलं नाही. म्हणे परदेशातल्या मोठ्या हॉस्पिटलशी सिव्हिलचं टायअप केलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी गावोगाव पोचेल. अरे भो, धडगावच्या बाईचा एचपीव्हीचा, म्हणजे हा कॅन्सर ज्या विषाणूने होतो त्याचा, रिपोर्ट येईपर्यंत ती ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असते, तिला शोधायला कोण येणार, तिकडचा प्रोफेसर?

भरीतवाला: बार्शी विसरले का? तिथला तपासणीचा मोठा अभ्यास, मुंबईचं टाटा कॅन्सर हॉस्पिटल, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, फ्रान्सची कॅन्सर संशोधन संस्था आयएआरसी, पैसा गेट्स फाउंडेशनचा. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजार बायका, २००९ ला निकाल आला, एकदाच एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी न केलेल्या गटाच्या जवळपास निम्मे! आणि आपल्याकडे? सरकारचं आरोग्य सर्वेक्षण एनएफएचएस-५ बघा, २०१९-२१ ला देशात ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या दोघींचीही तपासणी झालेली नव्हती.

तापीकाठ: आणि ज्या गटाची तपासणीच केली नाही त्या बायकांवरून केवढा वाद झाला, ते गाळलं सोयीने. बार्शीत कॅन्सर रजिस्ट्री, म्हणजे पेशंटची नोंद, १९८७ पासून होती, गावागावात फिरणारी माणसं आधीच होती. इथे कोण फिरतंय?

सिस्टरताई: आम्ही फिरतो. उपकेंद्रात पडदा नाही, टॉर्चला सेल स्वतःचे. गर्भाशयमुखाला अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग दिसला तर पुढे पाठवायचं. पुढे गेलेली बाई गर्भपिशवी काढूनच घरी येते.

केळीबाग: पिशवीचं तर नावच काढू नका!! आमच्या वहिनी चौतीसच्या, अंगावरून पांढरं जायचं बस एवढंच, डॉक्टर म्हणे कॅन्सर होईल आत्ताच काढा, ना पॅपची तपासणी ना बायोप्सी, केळीचे आलेले पैसे तिकडेच गेले आणि आता त्यांना रात्रभर अंगाची लाही होते, कंबर धरून बसतात. आमच्या गल्लीत चाळिशीच्या आत अशा किती निघतील विचारू नका.

भरीतवाला: सगळे डॉक्टर तसे नसतात. माझी बहीण गायनॅक आहे.

केळीबाग: सगळे कोण म्हणालं? लागलं वाटतं.

भरीतवाला: लागणारच, उठसूट डॉक्टरला चोर म्हणता. त्रास असला की काही वेळा काढावीच लागते.

केळीबाग: काही वेळा ना? तेच म्हणतोय!

सिस्टरताई: भांडा नंतर. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नाही, हे सांगायला कोणी बसत नाही, म्हणून भीती विकली जाते. साधा डाग थर्मल मशीनने मिनिटभरात जाळता येतो, पिशवी जागच्या जागी राहते. आम्हाला ते ना शिकवलं, ना मशीन दिलं.

भरीतवाला: मग हेच शिकवायला टायअप हवं ना! कधीचं सांगतोय.

तापीकाठ: बरं बाबा, जिंकलात, पेढे वाटा. मशीन आणा, सिस्टरला शिकवा, एवढ्यापुरता तुमचा परदेशी पाहुणा मान्य. पण डाग दिसला त्याच दिवशी त्याच टेबलावर उपचार झाला पाहिजे, "पुढच्या मंगळवारी या" म्हणालात की बाई गेली सुरतेला. आणि फीत कापायला आमदार नको.

केळीबाग: आमदार येणारच. पडदाही त्याच दिवशी लागेल बघा.