गेम लँड कुणाची? पेनसिल्व्हेनियातल्या हरणांच्या शिकारीच्या हंगामावरून

केशरी जॅकेट:
शिकार आणि वन्यजीवांसाठी राखलेल्या इथल्या सरकारी रानांबद्दल, म्हणजे गेम लँडबद्दल, पायवाट यांनी काल लिहिलंय, "गेम लँड सरकारी, म्हणजे सगळ्यांची. थँक्सगिव्हिंगनंतर दोन आठवडे बंदूकवाल्यांपायी आम्ही घरात का बसायचं? हा हंगाम बंदच करा." वाचून राहवलं नाही. पेनसिल्व्हेनियात जवळपास १५ लाख एकर गेम लँड आहे. १९२० पासून ती विकत घेत आलेत आणि त्यात मोठा वाटा शिकाऱ्यांच्या परवान्यांच्या पैशाचा. शिवाय १९३७ च्या कायद्यानं बंदुका-काडतुसांवर कर बसतो, तो वन्यजीवांच्या कामाला जातो. तुमच्या ट्रेकिंगच्या बुटांवर असा कर नाही.

आणि हरणांची दया येत असेल, तर हरणं शिरू नयेत म्हणून जाळी घातलेला रानाचा तुकडा एकदा बघून या. आमच्याजवळच्या रानात एक आहे. आत ओक-मेपलची रोपं माझ्या खांद्याला लागतात. बाहेर गुडघाभर नेचा, दुसरं काही नाही. नेच्याला हरणं फारसं तोंड लावत नाहीत, बाकी कोंब वर आला की खुडला. लांडगे, प्यूमा इथून केव्हाच संपले. मग हरणं आवरायची कुणी?

पायवाट:
कराचं अर्धंच सांगितलंत. तो पिस्तुलांवरही बसतो. पिस्तूल घेणारे किती जण हरणामागे जातात? रानाचं पटतंय, नाइलाजानं. पण माझं दुखणं वेगळं आहे. रविवारी इथं हरणांची शिकार नसायची. तेवढा एक दिवस पोरांना घेऊन निर्धास्त जाता यायचं. २०१९ च्या कायद्यानं तीन रविवार नेले, २०२५ च्या कायद्यानं उरलेल्यांचीही वाट मोकळी केली. एका रविवारी जवळच बार झाला. धाकटीनं माझ्या पायाला मारलेली मिठी गाडीपर्यंत सोडली नाही. तुम्हाला रोपं दिसतात, मला ते हात दिसतात.

वऱ्हाडी:
इथं रोपांसाठी एवढं चाललंय, तिकडं आमच्या हरभऱ्याला कोण वाली? अकोल्याकडं शेत आहे. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप रात्री शिरला की सकाळी नुसते खुंट. वडील सत्तरीत जागलीला जातात, डबा वाजवत बसतात. पंचनाम्याला माणूस आला तोवर खुरांचे ठसेसुद्धा बुजले होते. परवानगी काढून मारायची सोय कायद्यात आहे, पण कागद फिरेपर्यंत घाटे कुठले राहतात? इथल्यासारखा हंगाम तिथं हवा.

माळरान:
अजिबात नको. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा उगाच आला नाही. त्याआधी लोकांनी जीपच्या दिव्यात काळवीट टिपून टिपून माळ ओस पाडले. बंदूक हातात आली की रोह्यावर कोण थांबतो? ससा, तितर काही सुटत नाही. आणि विदर्भात वाघ-बिबट्या आहेत, पेनसिल्व्हेनियाचं गणित तिथं कसं लागेल? झटका मशीन लावा.

वऱ्हाडी:
लावलंय! रोही वरून उडी मारतो, डुक्कर खालून घुसतं, बॅटरी चोर नेतात. आणि वाघ काय आमच्या हरभऱ्यात राखणीला येतो? पुण्यात बसून सल्ले देऊ नका.

माळरान:
पुण्यात नाही, करमाळ्यात राहतो. काळवीट माझीही ज्वारी खातात. म्हणून गोळी घालू?

वऱ्हाडी:
काळवीट तीस-चाळीस किलोचं, रोही दोनशे किलोचा. तुमची ज्वारी खाल्ली जाते, आमची तुडवलीही जाते. तुम्ही शेतकरी आहात हे माहीत नव्हतं, ते शब्द मागे घेतो. बाकी एकही नाही.

माळरान:
भरपाई आठवड्यात खात्यावर आली पाहिजे, यासाठी तुमच्यासोबत तहसीलवर येईन. बंदुकीसाठी नाही.

केशरी जॅकेट:
अहो, गेम लँडबद्दल बोलत होतो आपण! पायवाट, रविवारच्या मोकळिकीच्या बाजूनं मी होतो, कारण शनिवारी मला कामावर जावं लागतं. पण ऐन हंगामातला एखादा रविवार चालणाऱ्यांना सोडला तर मी भांडणार नाही. एवढंच देऊ शकतो. एक विचारतो, १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर गेम लँडवर फिरणाऱ्यांनीही शिकाऱ्यांना लांबून दिसावं म्हणून केशरी घालायचा नियम आहे. मुलीनं घातलं होतं ना?

पायवाट:
घातलं होतं. माझंच, तिच्या घोट्यापर्यंत येणारं. गोळी लागेल असं मी म्हटलंच नव्हतं. त्या दिवसापासून ती रानात यायला तयार नाही.