तुमच्या भागातला प्राण्यांचा दवाखाना: अनुभव सांगा

मुग्धा_गिरगाव
काल बसमधून परळला बैलघोडा हॉस्पिटल दिसलं आणि बाबा आठवले. चाळीत घारीचं पिल्लू पडलं की ते खोक्यात घालून तिथे न्यायचे. १८८३ सालचं हॉस्पिटल, दिनशा पेटिटांनी पत्नी साकरबाईंच्या नावाने उभं केलेलं. तेव्हा गाड्यांचे बैल-घोडे यायचे, म्हणून लोकांनी ठेवलेलं हे नाव. मालक नसलेल्या जिवालाही तिथे केसपेपर मिळतो, याचं मला लहानपणापासून फार अप्रूप आहे. तुमच्याकडे असं कोण करतं? लिहा.

राजन_भांडुप
आमचे डॉक्टर रस्त्यावरच्या कुत्र्यांची तपासणी फी घेत नाहीत, फक्त औषधाचे पैसे. सोसायटीत कुत्रे लांब नेऊन सोडायचा ठराव येणार होता. डॉक्टर स्वतः मीटिंगला आले. म्हणाले, हे उचलाल तर रिकाम्या जागी दुसरे येतील, ना नसबंदी झालेले ना लस टोचलेले. नियमही तेच सांगतो, नसबंदी करून होते तिथेच परत सोडायचं. ठराव बारगळला. आता गेटवरच्या सगळ्यांच्या कानाला नसबंदीची खूण म्हणून कट आहे.

स्वातीताई
+१ राजन. आमच्याकडे मावशींच्या मुलाला कुत्रा चावला तर त्या आधी धावल्या प्राण्यांच्या दवाखान्यात, तो जवळ होता ना! कंपाउंडर दादांनी पोराचा पाय नळाखाली धरला, साबण लावून चांगली पंधरा मिनिटं धुतला. मावशी हळद लावायला निघाल्या होत्या, त्यांना थांबवलं आणि रिक्षात घालून पालिकेच्या हॉस्पिटलात पाठवलं, लस घ्यायला. सगळे डोस पूर्ण झाले का, हे नंतर फोन करून विचारत होते. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की हातात काही उरत नाही, म्हणून त्या दादांचे उपकार मी विसरणार नाही. कुकर लावलाय, नंतर येते.

बोक्याची_आई
सगळीकडे असं नसतं हो. एका ठिकाणी आगाऊ पैसे भरल्याशिवाय मांजर टेबलावर घेतली नाही. रात्रीचे दोन वाजलेले. अजून राग जात नाही.

मुग्धा_गिरगाव
@बोक्याची_आई अगं बाई. बरी आहे ना ती आता?

बोक्याची_आई
हो, चांगली गुबगुबीत झालीये 😊 आणि सगळ्यांना सांगते, मांजरीला ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. विष आहे ते तिला.

परळकर
व्हेटर्नरी कॉलेजही आमच्या परळचंच, १८८६चं.

नीलेश_दहिसर
संक्रांतीला आमच्या दवाखान्याबाहेर खोक्यांची रांग लागते. कबुतरं, घुबडं, बगळे, पंखात नायलॉन मांजा. डॉक्टरांनी शिकवलंय, पक्ष्याच्या अंगातला मांजा ओढायचा नाही, दोन्हीकडून कापायचा. तोंडात पाणी ओतायचं नाही. भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवून घेऊन यायचं. शाळेतली पोरं आता बरोबर असंच आणतात.

स्वातीताई
आले. पावसाळ्याचं कुणी लिहिलं नाही? जखमेत किडे पडलेले कुत्रे, आणि लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार. उंदरांच्या मुतातून तुंबलेल्या पाण्यात येतो. २००५च्या २६ जुलैनंतर माणसांमध्येही केवढी साथ आली होती. कुत्र्याच्या वार्षिक लशीत लेप्टो आहे ना, हे विचारून घ्या.

राजन_भांडुप
आमच्याकडे गमबूट घालून डॉक्टर गटाराकाठी जखमा धुताना दिसतात. पोरगी म्हणते मोठेपणी हेच करणार. करू दे.

नीलेश_दहिसर
पोरीला शाब्बास सांगा!

अमृता
विषय सोडून विचारते, दादरच्या बाजूला ससा तपासणारं कुणी आहे का? दात वाढलेत, खात नाहीये.

परळकर
@अमृता खात नसेल तर उद्यावर ढकलू नका, सशाचं पोट रिकामं राहून चालत नाही. परळला फोन करून निघा, आज ससा बघणारे डॉक्टर आहेत का विचारा. मी जवळच आहे, टोपली हवी तर देतो.

अमृता
टोपली आहे दादा, निघतेच.