थेरपिस्ट दर वेळी वेगळंच काहीतरी करतात. बदलू का?

अबोली:
थेट विचारते. माझ्या थेरपिस्ट म्हणतात, "मी एकात्मिक पद्धतीनं काम करते." एका सेशनला विचारांची नोंदवही (त्रास देणारा विचार लिहून त्याला पर्यायी विचार शोधायचा), पुढच्याला आईबद्दल बोलणं, त्यापुढच्याला सावकाश श्वास आणि स्वतःलाच पत्र. बाई चांगल्या आहेत, मनापासून ऐकतात, पण हे चाललंय कुठे? दुसरं कुणी बघू का? अनुभव असलेल्यांनीच सांगा, लवकर.

चौकस:
कशासाठी जाता? किती दिवस झाले? त्या मानसशास्त्रज्ञ आहेत की औषधं देणाऱ्या मनोविकारतज्ज्ञ? यातलं काहीच लिहिलं नाहीये.

तर्कनिष्ठ:
बदला. सरळ सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी, करणारं कुणी शोधा. मला पॅनिक अटॅक यायचे. ठरलेला आराखडा, दर आठवड्याला गृहपाठ, फरक दिसला. बालपण उकरून काय मिळतं?

पहाटवारा:
रोज ध्यान करा, सगळं सुटेल. गोळ्यांच्या नादी लागू नका.

चौकस:
पहाटवारा, गोळ्यांचा विषय काढला कुणी? हे वाचून कुणी चालू गोळ्या परस्पर बंद केल्या तर? असं लिहू नका.

अबोली:
गोळ्या नाहीत, त्या मानसशास्त्रज्ञ आहेत. काही महिने झाले. कामात बारीकशी चूक झाली तरी दिवसचे दिवस स्वतःला बोल लावत बसते. नोंदवहीत पर्यायी विचार बरोबर लिहिते, पटतोही, पण आत काही हलत नाही.

स्वातीनक्षत्र:
अहो, सगळी मेख इथेच आहे! मी समुपदेशन करते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांची करुणाकेंद्री थेरपी, म्हणजे स्वतःशी मायेनं वागायला शिकवणारी पद्धत, याच अडचणीतून उभी राहिली. लाज आणि आत्मटीका ज्यांच्यात फार, ते पर्यायी विचार अचूक मांडतात. पण मनात तो विचार उच्चारणारा आवाजच दरडावणारा असतो. "तुझं काही चुकलं नाही" हेसुद्धा स्वतःवर खेकसून. म्हणून आधी शांतवणाऱ्या भावयंत्रणेवर, म्हणजे मनाला सुरक्षित आणि निवांत वाटायला लावणाऱ्या भागावर, काम करतात: श्वास, पत्र. आणि तो दरडावणारा सूर कुठून आला, हे बघायला बहुधा आईबद्दलचं बोलणं. हा सगळा एकच धागा असू शकतो.

तर्कनिष्ठ:
म्हणजे सरमिसळच. सीबीटीला पुरावा आहे.

स्वातीनक्षत्र:
आहेच, आणि पॅनिकला तुमचा सल्ला योग्यच. पण अबोली पॅनिकबद्दल विचारत नाहीयेत. नोंदवहीही सीबीटीतलीच आहे. माझी तक्रार वेगळी: बाईंनी हा धागा उलगडून सांगायला हवा होता. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी 1979 मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन भाग मांडले: ध्येयाबद्दल एकमत, कामाबद्दल एकमत आणि जिव्हाळा. अबोली, तुमच्याकडे तिसरा दिसतोय, पहिले दोन नाहीत. पुढच्या सेशनला विचारा, "नोंदवही, आईबद्दलचं बोलणं आणि श्वास-पत्र, या तिन्हींचा माझ्या त्रासाशी काय संबंध? फरक पडतोय हे कशावरून ओळखायचं?" उडवाउडवीची उत्तरं आली, तर बदलायचं बघा.

मुसाफिर:
मला समुपदेशनाचा कोर्स करायचाय, ऑनलाइन केला तर चालतो का?

चौकस:
वेगळा धागा काढा.

अबोली:
विचारते. पण ते पत्र लिहायला बसलं की मला चक्क चीड येते. हे सांगितलं तर बाईंना वाईट वाटेल का?

स्वातीनक्षत्र:
सांगाच. स्वतःशी मायेनं बोलताना चीड किंवा भीती वाटणं या पद्धतीत अगदी ओळखीचं आहे, त्यावर गिल्बर्ट यांनी संशोधनही केलंय. पत्र बाजूला ठेवून आधी त्या चिडीबद्दलच बोलता येईल.